भिंतीवरचं भाकीत

"कशावरून?" असं विचारायच्या आधी मास्तर डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवत. टोपी खाली आली की समजायचं, आता सुटका नाही. पोरानं सांगितलं, गुरुजी, पाऊस येणार, की टोपी खाली. मी म्हटलं, चहा गार झाला, तरी टोपी खाली!

सेनगावच्या बाजूच्या त्या खेड्यात, निजामाच्या राज्यात, शाळेला आम्ही दोघेच. धाकटी पोरं माझ्याकडे, मोठी त्यांच्याकडे. शाळा म्हणजे पाटलांनी दिलेली एक खोली. मी पाढे घोकून घेई आणि ते पोरांना उन्हात नेऊन काठीची सावली मोजायला लावत. "आयतं उत्तर दिलं की पोरगं विचार करायचं थांबतं," असं त्यांचं म्हणणं. मला ते थेर वाटत, खोटं कशाला बोलू?

आमच्या पाटलांकडे अक्षय तृतीयेला घट मांडत. भोवती धान्याचे दाणे ठेवायचे आणि सकाळी कोणते सरकले ते बघून पाटील पिकाचं भाकीत सांगत. एका वर्षी मास्तरांनी ते भाकीत कोळशानं शाळेच्या भिंतीवर लिहिलं. वर दोन रकाने, 'सांगितलं' आणि 'झालं'. दुसरा मोकळा.

पाटील तणतणत आले. "काहून लिवलं हे? माझ्या बापापासून चुकलं न्हाई!"

"मग राहू द्या की, पाटील. खरं ठरलं तर मी सगळ्यांसमोर वाचीन."

"आन् खोटं ठरलं तर?"

"तरी वाचीन."

पाटील म्हणाले, "बरं. पर खरं निघालं तर तुमी गाव सोडायचं. माझ्या खोलीत बसून माझीच परीक्षा घेऊन राहिले!"

मास्तरांनी होकार दिला. मी कपाळावर हात मारून घेतला. ते गेले तर मोठ्या पोरांची शाळा संपलीच, आणि त्यांच्याशिवाय माझं तरी तिथं कोण होतं?

ज्वारी चांगली येणार, असं भाकीत होतं. आणि ज्वारी आली! पाहत राहावीत अशी कणसं. दिवाळीच्या तोंडावर मास्तरांनी गाव गोळा केलं, दुसऱ्या रकान्यात 'बरोबर' लिहिलं, खणखणीत आवाजात वाचलं आणि वळकटी बांधायला बसले. पाटील मिशीत हसत होते.

तेवढ्यात पाटलांची सरू उभी राहिली. मास्तरांच्याच वर्गातली, दहा वर्षांची. "बा, येका सालानं कशावरून?"

मास्तरांनी वळकटीची गाठ सोडून दिली, टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. त्यांना शाळा वाचेल याचा आनंद नव्हता. पोरीनं बापाला विचारलं, याचा होता.

पाटलांनी लेकीला जवळ घेतलं. मग म्हणाले, "ऱ्हावा मास्तर. फुडलं साल बघू."

पुढची नऊ सालं भिंतीवर चढली. काही बरोबर, काही चूक. चूक ठरलं की पाटील दोन दिवस शाळेकडे फिरकत नसत, पण चुना मारताना तेवढी भिंत सोडायला स्वतःच सांगत. मीही पोरांना पाढे कसे तयार होतात ते खडे मांडून दाखवू लागलो होतो. मास्तरांनी ते पाहिलं आणि माझी चेष्टा केली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता शाळेच्या पक्क्या इमारती झाल्या. पोरं उत्तरं धडाधड सांगतात. ती ऐकताना माझा हात नकळत टोपीकडे जातो.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात मास्तर तापानं गेले. आठ दिवसांत संपलं सगळं. त्या वर्षीचं भाकीत त्यांच्याच अक्षरात भिंतीवर होतं: कापूस उत्तम. पावसानं बोंडं झाडावरच कुजली.

दिवाळीआधी पाटील आपणहून शाळेत आले. कोळसा मागितला. लिहिता येत नव्हतं, म्हणून मोकळ्या रकान्यात त्यांनी मोठी फुली मारली. मग सवयीनं मास्तरांच्या जागेकडे वळून म्हणाले, "वाचा, मास्तर."

तिथं कोणी नव्हतं. पाटलांची मान खाली गेली. मी उठलो, टोपी काढली, आणि वाचलं.