धाकटीचं रक्त

स्पिरिटचा वास आला की दवाखान्यातली ती सकाळ आठवते, आन् खरं सांगते, पोटात अजून जळतं. आम्हा दोघी जावांना एचआयव्ही, गोळ्या आणायला परंड्याहून यष्टीनं बरोबरच जायचो. त्या दिवशी तपासणीच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, "एचआयव्ही तपासायच्या पट्ट्या खरं सांगतात का, हे पडताळायला आजार असल्याचं पक्कं माहीत असलेलं रक्त लागतं. द्याल का?" ज्या रक्ताला भिऊन लोक आमचा कप वेगळा ठेवायचे, ते इथं कुणीतरी मागत होतं! मी थोरली. पापडाच्या पहिल्या लाटीपासून पेरणीच्या पहिल्या मुठीपर्यंत घरात पहिला हात माझा, म्हणून मीच आधी बाही वर केली. बाईंनी बोट टोचून बघितलं. "मावशी, तुमच्या अंगात रक्तच कमी आहे, तुमचं नको." धाकटीच्या मात्र चार नळ्या भरून घेतल्या. परतताना मी तिच्याशेजारी बसलेच न्हाय. मागून वाकून ती म्हणाली, "आक्का, रुसलाव व्हय? अवो, सुई टोचून घ्यायला बी पहिला मान पायजे का तुमाला?" सगळी यष्टी हसली. पुढच्या खेपेला बाईंनी मला एकटीला गाठून सांगितलं, "नव्या पेटीतल्या पट्ट्यांनी तुमच्या जावेचं रक्त निरोगी दाखवलं. म्हणजे पट्ट्याच खराब. म्हणून पेटीच परत पाठवली, नाहीतर आजारी माणसं बिनघोर घरी गेली असती. तिला सांगा हं." मी सांगितलंच न्हाय. इतक्या वर्षांनी आज हे लिहून काढलंय. दुपारी तिला वाचून दाखवणार आहे, नुसतं तोंडानं सांगायला अजून जमत न्हाय.