नकाशातला चर

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी कलकत्त्याच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचो. हुगळीतली वाळू कुठून उपसायची, त्या जागा ठरवायचं काम चाललं होतं. बंगाली मोजणीदाराने दिलेल्या यादीत एका जागेपुढे ‘चर’ असं लिहिलं होतं. आपल्याकडे चर म्हणजे खणलेला लांब खड्डा. तिथे आधीच उपसा चालत असणार, असं धरून मी बेधडक उपशाची लाल खूण केली.

पुढे मोजणीला होडीतून गेलो, तर तिथे झोपड्या होत्या, परवलाच्या भाजीच्या वेलांचे मांडव होते. बंगालीत चर म्हणजे नदीने गाळ टाकून वर आणलेली जमीन, हे मला तिथल्या एका म्हातारीने सांगितलं.

कचेरीत परतून हे सांगितलं, तर आमचे साहेब म्हणाले, “नकाशा मंजूर झालाय. खूण राहू द्या.”

“चूक माझी आहे. मीच खोडणार.”

“नोकरी जाईल.”

मी त्यांच्यासमोरच ब्लेडने लाल शाई खरवडायला लागलो. हात रागाने इतका जड पडला की कागदाला लांबलचक भोक पडलं.

नकाशा त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, “हा आमच्या मराठीतला चर. वाळू काढायची तर यातून काढा.”