बार्सिलोनातली खिचडी
काल फ्रीमाँटच्या घरी लेकीने ऑलिव्ह ऑइलमध्ये लसूण परतला आणि मला बार्सिलोनातली ती दुपार आठवली. चार दिवसांसाठी आम्ही तिघं गेलो होतो. नवऱ्याला बाहेरचं सोसत नाही, म्हणून दर ट्रिपसारखा छोटा इलेक्ट्रिक कुकर माझ्या बॅगेत होताच. "तू खिचडी टाक, आम्ही जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत तो लेकीबरोबर खाली उतरला. बाल्कनीखाली कुणी गिटार वाजवत होतं, माणसं उन्हात बसून हसत-खिदळत जेवत होती आणि मी मुगाची डाळ धूत होते. दोन तासांनी दोघं आले. त्याने दोन घास खाल्ले, "मस्त झालीय" म्हणाला, आणि त्याच्या तोंडाला लसणात परतलेल्या कोळंबीचा वास आला. मी नुसतं लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून म्हणाली, "सॉरी आई, बाबा एव्हरी ट्रिपला बाहेर खातो. ही सेड, डोन्ट टेल हर." एव्हरी ट्रिपला! वीस वर्षं मी प्रत्येक शहर भाड्याच्या किचनच्या खिडकीतून पाहिलं होतं. मी उरलेली खिचडी त्याच्याच ताटात वाढली. आता कुकर त्याच्या बॅगेत असतो. खिचडी तोच टाकतो, आणि मी जरा पाय मोकळे करून येते.