तिसऱ्या पुकाऱ्याआधी

या शर्यतीला जोडीदार लागतो हे कळल्यावर मी कागदावर पाच जणींची नावं लिहिली आणि चार खोडली. उरली ती नेऱ्याला राहणारी माझी धाकटी जाऊ. बाकीच्या चौघींना व्यायामशाळेत वजन उचलायची सवय होती, हिला भाताची पोती उचलायची. मी एकोणपन्नासची, ती त्रेचाळीसची. चाळिशीच्या गटात दोघी बसत होतो.

शर्यत अशी. एक किलोमीटर धावायचं, मग एक काम करायचं, असं आठ वेळा. लोखंडी घसरगाडी ढकलायची, ती दोराने ओढायची, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालायचं, वाळूची पिशवी खांद्यावर टाकून गुडघे टेकत पुढे जायचं, अशी ती कामं. सगळ्यात शेवटी जड चेंडू भिंतीवरच्या खुणेला शंभर वेळा मारायचा. धावायचं दोघींनी बरोबर, कामं वाटून घ्यायची. गटात पहिली येईल त्या जोडीला परदेशातल्या जागतिक स्पर्धेत जागा. मला ती जागा हवी होती. पंचवीस वर्षं मी पनवेलच्या कचेरीत बसून न्हावा शेवाहून निघणाऱ्या कंटेनरांची कागदपत्रं तयार करते आहे. किती बंदरांची नावं मी टाईप केली असतील त्याला गणती नाही. पाहिलं त्यातलं एकही नाही.

जावेला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वैनी, मुंबईला जाऊन पोती उचलायची? ती तं हितं पण हायेत." पण तयार झाली.

आठवड्यातून तीन दिवस ती रिक्षाने पनवेलला यायची, रविवारी मी नेऱ्याला जायचे. आमच्या व्यायामशाळेत घसरगाडी नव्हती, म्हणून खळ्यावर भाताचं पोतं दोराने ओढायचो. सासरे ओट्यावर बसून बघायचे आणि ओढताय तर तिकडे कणगीपाशीच न्या म्हणायचे. आठवड्याचं वेळापत्रक मी छापून तिच्या स्वयंपाकघरात चिकटवलं होतं. त्यातला धावण्याचा भाग ती टाळायची, बाकीचं सगळं करायची.

चेंडू मोजायची मात्र तिची रीत होती. नेऱ्याच्या घरी भात मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. मग दोन, तीन. आणि माप पुरं झालं की वर थोडं घालतात, घेणाऱ्याला कमी पडलं असं वाटू नये म्हणून. ती चेंडूही तसेच मोजायची. लाभ, दोन, तीन, आणि ठरलेले पुरे झाले की वर दोन. मला गंमत वाटायची. मी माझ्या वहीत शर्यतीच्या दिवसासाठी चाळीस सूचना लिहिल्या, बुटांच्या नाड्यांपासून केळ्यांपर्यंत. वरचे दोन मारायचे नाहीत, ही एक लिहायची राहिली.

मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शन हॉलमध्ये सगळं ठरल्याप्रमाणे झालं. घसरगाडी तिने एकटीने निम्म्याहून जास्त ढकलली. सातव्या कामापर्यंत आम्ही एका जोडीच्या मागेपुढे होतो. निळे कपडे घातलेल्या दोघी, आमच्याच गटातल्या. शेवटच्या कामात पहिले साठ चेंडू मी मारले, नंतरचे चाळीस तिने. पंचांनी हात वर केला तशी मी शेवटच्या रेषेकडे पळाले. रेषा दोघींनी एकत्र ओलांडायची असते. मागे पाहिलं, तर ती अजून चेंडू मारत होती. एक, आणि आणखी एक.

चार सेकंदांनी आम्ही दुसऱ्या आलो. निळ्या कपड्यांची जोडी पहिली.

"दोन जास्त मारलेस," मी म्हटलं. आवाज चढला होता, तो मलाही ऐकू आला.

तिने आधी माझ्याकडे आणि मग भिंतीकडे पाहिलं. चुकलं म्हणाली. घाईत हात थांबला नाही म्हणाली.

एक आशा होती. जागा स्वीकारायला जिंकलेल्या जोडीने नोंदणीच्या टेबलापाशी हजर व्हावं लागतं. तीन वेळा नावं पुकारतात. कोणी आलं नाही तर जागा दुसऱ्या जोडीला. नियमपत्रिकेतली ती ओळ मी आधीच अधोरेखित केलेली होती. आम्ही टेबलाजवळ एका बाकावर जाऊन बसलो.

आमच्या गटाचा पहिला पुकारा झाला. कोणी आलं नाही. हॉलमध्ये गाणी एवढ्या जोरात लावली होती की टेबलावरच्या बाईंचा आवाज चार पावलांपलीकडे जात नव्हता. दुसरा पुकारा झाला. त्या दोघी मला दिसल्या. खाण्याच्या स्टॉलमागे जमिनीवर बसल्या होत्या, बूट काढून, एकीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी. पाठ आमच्याकडे होती. मी पुन्हा टेबलाकडे बघत राहिले आणि मनात सेकंद मोजू लागले.

जाऊ उठली. मला वाटलं पाणी आणायला चालली आहे. ती सरळ स्टॉलमागे गेली आणि त्यातल्या एकीच्या खांद्यावर हात ठेवला. दोघी अनवाणीच धावत आल्या. एकीने सही केली, दुसरी रडायला लागली. मग दोघींनी माझ्या जावेला मिठी मारली. ती अवघडून उभी राहिली.

परतताना गाडी मीच चालवत होते. वाशीचा पूल ओलांडल्यावर तिने विचारलं,

"रागावलात, वैनी?"

नाही म्हणून टाळता आलं असतं. मी म्हटलं, "त्या मला पण दिसल्या होत्या."

"ठाव हाय मला. तुमी तोंड फिरवलंत, तवाच मी उठले."

कळंबोलीला ट्रेलरांची रांग लागली होती. आम्ही त्यात बराच वेळ उभ्या होतो. तिने डबा उघडला, उरलेल्या भाकरीचे दोन भाग केले आणि एक माझ्या हातात दिला. भाकरी खाता खाता तिने विचारलं, अशी शर्यत परत कधी असते. दिवाळीनंतर, मी सांगितलं, आणि तोवर तुमची कापणी झालेली असेल का असं विचारलं.

"उरकवू की," ती म्हणाली.