दार लावल्यानंतर

माझी लेक मुक्ता सोफ्यावर बसून व्हिडिओ गेम खेळत होती. पडद्यावरची बाई कायमचं घर सोडून निघाली होती. फाटकापाशी पोचल्यावर मुक्तानं तिला मागे वळवलं आणि उघडं राहिलेलं दार ओढून घ्यायला लावलं. तसं कर म्हणून गेमनं सांगितलं नव्हतं. हातातलं काम टाकून मी तिच्या शेजारी टेकले.

आणि तेवढ्यात खेळ थांबवून पडद्यावर एक म्हातारा अवतरला. दार लावण्याचा अर्थ तो समजावू लागला. मग दुसरा आला, त्यानंही तेच सांगितलं.

"अरे बाबा, कळलं आम्हाला!" मी पडद्यावर ओरडले.

मुक्तानं कंट्रोलर बाजूला ठेवला. "आई, मटार आण सोलायला. याचं आता बराच वेळ चालेल."

संताप झाला नुसता. हा गेम बनवणारा म्हणे जगभर नावाजलेला दिग्दर्शक! ते दार यालाच सुचलं ना? मग त्या दारावर याचा भरवसा का नाही? की 'साहेब, आता पुरे' म्हणणारं कुणी याच्या आसपास उरलंच नाही?

मटार सोलून झाले. पडद्यावर काहीतरी भयंकर कोसळलं असावं, कारण सोफ्यावर पडलेला कंट्रोलर एकटाच थरथरत होता. मुक्ता हात धुवायला गेली होती.