वायर तोडणारं वानर

सीमेवर पेटलं होतं त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी कवठे येमाईजवळच्या एका वस्तीवर पोहोचलो, तर आप्पांच्या पोल्ट्री शेडबाहेर मेलेल्या पिल्लांच्या दोन पाट्या भरून ठेवलेल्या.

मी पोल्ट्री कंपनीचा सुपरवायझर. शिरूर आणि दौंड हे माझे तालुके. पिल्लं कंपनीची, शेड शेतकऱ्याचं आणि दोन्हीकडची बोलणी माझी.

त्या दिवसांत जाईन तिथं एकच विषय. यवतच्या धाब्यावरसुद्धा टीव्ही मोठ्यानं लावलेला. रात्री ड्रोन यायचे, सकाळी शेजारचा देश म्हणायचा, आमचे नव्हेतच. मग इकडून उत्तर, मग तिकडून त्याहून मोठं... सुरुवात कुणीच केलेली नव्हती, तरी रोज वाढत होतं.

आप्पा आणि त्यांच्या शेजारच्या रानातले ज्ञानदेव मामा यांचंही दोन वर्षं असंच चाललेलं. मामांच्या मुलीच्या साखरपुड्यात पोल्ट्रीच्या माशा पाहुण्यांच्या ताटात बसल्या, तिथून सुरुवात. मग एका रात्री आप्पांच्या पाण्याच्या टाकीचा कॉक उघडा राहिला. मग मामांचं ठिबक कुरतडलं गेलं... उंदरांनी. आमच्याकडचे उंदीर फार हुशार.

तर आदल्या संध्याकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज फिरला, आठ वाजता सगळ्यांनी लाईट बंद करायची. आदेश कुणाचा ते कुणालाच माहीत नव्हतं. गाव मात्र अंधारात गेलं आणि एकटं आप्पांचं शेड उजळलेलं राहिलं.

आप्पांचाही नाइलाज होता. एवढ्याशा पिल्लांना अचानक अंधार झाला तर ती घाबरून एका जागी एकमेकांवर चढतात, आणि खालची गुदमरतात. आप्पांनी पडदे सोडले, पोती लावली, तरी फटींतून उजेड दिसतच होता. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, यांच्या कोंबड्यांपायी गावावर बॉम्ब पडायचा.

आणि मग शेडची लाईट गेली...

लाईट जाणं आम्हाला नवीन नाही, त्यासाठी आप्पांच्या घरात इन्व्हर्टर आहे. पण तुटली होती ती घरातून शेडकडे जाणारी वायर, म्हणजे इन्व्हर्टरच्या पुढची. ती कुठून जाते हे घरच्यांशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं. भांडणाच्या आधी ती वायर ओढायला मामाच आप्पांच्या मदतीला होते.

आप्पांच्या मुलानं, सागरनं, स्वयंपाकघरातून दुसरी वायर आणेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. सकाळी मी गेलो तेव्हा तो हातात पकड घेऊन उभा होता. मामांच्या बोअरची केबल तोडायला निघालेला, आणि आप्पांनी त्याला कसाबसा थोपवून धरलेला.

आज केबल, उद्या काय? दोन्ही घरांत तरणी मुलं आहेत आणि कोयतेही दोन्ही घरांत आहेत. मी तसा अशा भानगडीत पडत नाही... पण खरं सांगतो, त्या सकाळी मला भीती वाटली.

तेवढ्यात मामा आले. त्यांना यावंच लागलं, कारण न येणं म्हणजे कबुलीच. सागरनं सरळ विचारलं, वायर कुणी तोडली? मामा म्हणाले, मला काय ठाऊक. चेहरा अगदी टीव्हीवरच्या प्रवक्त्यासारखा... फक्त पाट्यांकडे काही बघवत नव्हतं त्यांना.

वायरचं टोक मी पाहिलं होतं. एका दाबात तोडलेलं, सपाट. आप्पांनी ते उचललं, सागरच्या हातातली पकड काढून घेतली, दोन्ही टोकं सोलून पीळ मारला आणि वरून काळी टेप गुंडाळली. आता बघण्यासारखं काही उरलं नाही.

"वानर व्हतं," आप्पा म्हणाले. "पडद्याच्या फटीतनं बघितलं म्या."

आमच्या भागात बिबटे म्हणाल तर पैशाला पासरी. पण वानर मी आजवर एकही पाहिलेलं नाही. त्यात आप्पा माळकरी, खोटं बोलताना त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

 मामा खाली बघत म्हणाले, "व्हय... आसंल. माझ्या आंब्यावर बी आलं व्हतं परवा."

सागर दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग पाट्या उचलून पिल्लं पुरायला गेला.

मामा गेल्यावर मी आप्पांना विचारलं, असं का केलंत? ते उरलेली टेप खिशात घालत म्हणाले, "नाव घेतलं आसतं तर पोराला जावंच लागलं आसतं."

दुपारी साहेबांचा फोन आला, पिल्लं कशानं मेली? म्हटलं, वानरानं वायर तोडली, साहेब. साहेब बरं म्हणाले.

संध्याकाळी दौंडकडची कामं उरकून मुद्दाम वाट वाकडी केली. ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आलेला होता, गाव अंधारात होतं. आप्पांचं शेड मला आधी सापडेचना... मामांनी आपल्या कांद्यावरची ताडपत्री काढून शेडला गावाच्या बाजूनं बांधली होती. आत बल्ब चालू, बाहेर कवडसासुद्धा नाही.

आणि मामा स्वतः त्या वायरखाली बाज टाकून बसले होते. काय करताय म्हटलं, तर म्हणाले, "वानराचा काय भरोसा. बसतो जरा."

घरी आलो तर टीव्हीवर विचारणं चालूच होतं, कुणी केलं, पुरावा कुठंय... देशांना विचारावं लागतं, तिथली गोष्ट वेगळी, हे मलाही कळतं. पण त्या वस्तीवर पुरावा होता, आणि तो ज्यांच्या हातात होता त्यांनी त्यावर टेप गुंडाळली. याबद्दल मी आप्पांचा कायमचा ऋणी आहे, खोटं बोलल्याबद्दल.

ती बॅच कधीच निघून गेली. माशा अजून आहेत, मामा अजून कुरकुरतात. वानर मात्र परत आलेलं नाही.