डोये घरचेच लावाचे

फोन आला तेव्हा मी पुण्यात चहाच्या पुड्यांचे फोटो काढत होते. पुड्या सात होत्या, चौथीवर उजेड नीट पडत नव्हता आणि मी एकटीच कुरकुरत होते. फोन सुगतच्या आईचा होता. "मंजे, सुगत गेला वं," मावशी म्हणाली. मी विचारलं, "कुठे?" लहान पोरीला समजवावं तशी ती म्हणाली, "गेला म्हणते ना मी." दुकानातून जेवायला घरी आला, छातीत दुखतं म्हणाला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. छत्तीस वर्षांचा माणूस! फोन ठेवण्याआधी मावशी एवढंच म्हणाली, "तीन दिसानं जलदान विधी हाय. हार घालाचा फोटो तू कर. अन् डोये उघडे पायजे बरं." मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेल्या चार पुड्यांचे फोटो काढले. चांगले आले. हे कौतुकानं सांगत नाही, तसं झालं म्हणून सांगते. त्या दिवशी मला रडू आलं नाही, विधीच्या दिवशीही नाही. आत काहीतरी बधिर होऊन बसलं होतं, दात काढल्यावर गाल असतो ना, तसं.

सुगत आणि मी अमरावतीला विद्यापीठाच्या डिजिटल फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमाला सोबत होतो. मी चांदूर बाजारची, वीस वर्षांची, होस्टेलवर राहणारी. कॅमेरा गळ्यात अडकवला की जग आपल्याला बोलावणारच, अशी माझी पक्की समजूत. तो सव्वीसचा, अकोल्याहून रोज पॅसेंजरनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून ऑटोनं येणारा. वडिलांच्या माघारी त्यांचा फोटो स्टुडिओ तोच चालवत होता. वर्गातली पोरं त्याला आधी सरच समजली, उठून उभी राहिली. "बसा बे, मीबी शिकाले आलो," म्हणत तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. लेन्सचे आकडे त्याला पाठ नव्हते, पण माणूस समोर बसवला की तो राजा असायचा. समोरच्याला म्हणायचा, "डोये मिटा." माणूस मिटायचा. "राहू द्या... राहू द्या... हां, उघडा." आणि उघडल्याबरोबर क्लिक. त्याच्या फोटोत कुणाचीच पापणी पडलेली नसायची. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोटोत हमखास पडलेली. आम्ही इतकं चिडवलं, की फोटो म्हटला की तो खिशातून काळा गॉगल काढून लावायचा. लग्न असो, बारसं असो, मोबाइलवर सेल्फी असो, गॉगल आहेच. "हिरो दिसतो ना?" असं वर विचारणार. मी म्हणायची, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला दिसतोस."

त्याच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त यायचं ते हार घालायच्या फोटोचं काम. माणूस गेल्यावर घरात फोटो शोधतात तेव्हा कळतं, की त्याचा एकट्याचा धड फोटोच नाही. मग लोक काय काय घेऊन येत... लग्नातला घोळका, त्यात मागून तिसरी मान. आधार कार्ड. कधीकधी तर गेल्यानंतर काढलेला, डोळे मिटलेला फोटो. सुगत तो चेहरा वेगळा काढायचा, मागे आकाशी रंग द्यायचा आणि डोळे उघडायचा. कॉम्प्युटरवर तयार डोळे हवे तेवढे मिळतात, पण ते तो वापरत नसे. "डोये घरचेच लावाचे," हा त्याचा नियम होता. मुलगा, बहीण, भाऊ, ज्याच्या डोळ्यांत गेलेल्या माणसाची झाक असेल त्याला स्टुलावर बसवायचं, डोये मिटा, उघडा, क्लिक, आणि ते डोळे गेलेल्या माणसाला लावायचे. एकदा मी दुकानात होते तेव्हा धामणगावहून एक बाई वडिलांचा फोटो घेऊन आली. सुगतनं तिचेच डोळे त्यांना लावले. फोटो हातात घेऊन ती म्हणाली, "बावाजी अस्सेच पायत मले." मी तेव्हा विशीतली, शहाणी. मला ते सगळं खोटं वाटलं, थोडं भीतीदायकही. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "ही फोटोग्राफी आहे का रे दादा?" तो म्हणाला, "मले नाई माहीत. ते बाई घरी गेली ना खुश होऊन?"

दुसऱ्या सत्रात आम्हाला खिडकीच्या उजेडात पोर्ट्रेट करायचं होतं. मी सुगतला बसवला आणि गॉगल काढून घेतला. त्याचीच युक्ती त्याच्यावर चालवायची ठरवली. "डोये मिटा," मी त्याच्यासारखा आवाज काढून म्हटलं. त्यानं मिटले. मला हसू आलं, बोट हललं आणि उघडा म्हणायच्या आधीच क्लिक झालं. एवढंच झालं. दुसरा फोटो घेणार, तर सूर्य ढगात गेला आणि तास संपला. मी तोच फोटो दिला, खाली 'अंतर्मुख' असं नावही दिलं... लाज कशी वाटली नाही कोण जाणे! सरांना तो फार आवडला. वर्षअखेरच्या प्रदर्शनात तो मधल्या भिंतीवर लागला. पुढे पुण्यातल्या पहिल्या कामाच्या मुलाखतीला मी तोच घेऊन गेले, दुसऱ्यालाही तोच. दहा वर्षं लोक मला विचारतात की ती शांतता तुम्ही कशी पकडली, आणि दहा वर्षं मी काहीबाही सांगते. ती चूक होती, हे मी इथे पहिल्यांदा लिहिते आहे. सुगतला ते माहीत होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

शेवटच्या प्रकल्पाला सुगतनं हार घालायचे वीस फोटो मांडले. एका बाजूला लोकांनी आणलेला मूळ फोटो, मधे ज्याचे डोळे घेतले त्या नातेवाइकाचा, आणि शेवटी तयार झालेला. बाहेरगावाहून शिकवायला येणारे सर चांगले होते, मन लावून शिकवायचे, पण ते फोटो पाहून त्यांचा चेहरा पडला. "हे रफूकाम आहे, सुगत. यात तुझी नजर कुठे आहे?" तो गोंधळला, घाम पुसला आणि माझ्याकडे वळला. "मंजे, तू सांग ना वं सरले. तू पायलं ना दुकानात... ते धामणगावची बाई." मला सांगता आलं असतं. त्या बाईचा आवाज कानात होता. पण माझ्या मागच्या भिंतीवर माझा 'अंतर्मुख' टांगलेला होता, सरांचं माझ्याविषयी चांगलं मत होतं आणि मला पुण्याला जायचं होतं. मी खाली चपलांकडे बघत राहिले. तो काठावर पास झाला. मी पहिली आले.

त्या संध्याकाळी बडनेरा स्टेशनवर त्यानंच मला गिला वडा खाऊ घातला. मी वडा नुसताच चिवडत होते, तेव्हा म्हणाला, "तोंड काहून पाडून राहिली? सर बरोबरच बोलले. फाटलं असते तं रफू कराच लागते ना." मग दह्याचा हात पुसत हसला. "पण मजा पाय. तू माहे डोये मिटवले तं पयली आली, अन् मी लोकायचे उघडले तं काठावर!" त्यात टोमणा नव्हता, खरंच नव्हता, तेच जास्त लागलं. माफी मागायची राहून गेली. नंतर फोनवर बोलणं व्हायचं, दिवाळीत भेट व्हायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं की आता काय उकरून काढायचं...

मी अकोल्याला पोचले तेव्हा विधी दुसऱ्या दिवशीवर आला होता. मावशी मला थेट दुकानात घेऊन गेली. सुगतच्या मोबाइलमध्ये हजार फोटो सापडले, आणि हजारात गॉगल. आधार कार्डावर डोळे उघडे होते, पण मावशीनं ते लांब धरलं आणि म्हणाली, "हा काय माहा पोरगा हाय? हा तं चोर दिसते." मी माझ्या लॅपटॉपवर तो खिडकीच्या उजेडातला फोटो शोधून दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली. "चेहरा याचाच हाय," ती म्हणाली. "पण हा तं झोपला वं. लोकं येतीन, हार घालतीन, अन् हा झोपूनच राहीन काय?" मी म्हटलं, "उघडते, मावशी." सुगतनं लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती. घरचे डोळे एवढेच उरले होते, आणि ते माझ्यासमोर उभे होते. मावशीला सांगावं लागलं नाही. ती स्वतःच जाऊन त्याच्या स्टुलावर बसली, पदर नीट केला. मी तिला एरवी तू म्हणते, पण तोंडातून त्याचंच निघालं, "डोये मिटा." तिनं मिटले. मी "उघडा" म्हटलं, तर ती उघडेचना. "उघडते ना वं," ती तशीच म्हणाली. "थांब जरासी." मी थांबले. या वेळी बोट हललं नाही.

ते काम तीन तासांचं झालं. सुरकुत्या काढल्या, पापण्या भरल्या, लाली कमी केली. हात चहाच्या पुड्यांवर चालतात तसेच चालत होते. सुगतच्या कॉम्प्युटरवर, त्याच्या खुर्चीत बसून, मी ज्याला फोटोग्राफी म्हणायला तयार नव्हते ते करत होते, आणि मला जमत नव्हतं. दहा वर्षांचं शिक्षण आणि काम असूनही डावा डोळा तीनदा चुकला. शेवटी तो उघडला. सुगत माझ्याकडे पाहू लागला, आणि मला तेव्हाही काहीच झालं नाही.

विधीला पांढरे कपडे घातलेली माणसं आली, भंतेजींनी त्रिशरण दिलं, एकेक जण फुलं वाहून फोटोकडे बघत म्हणत होता, "कसा पाऊन राहिला, नाई का!" सगळे गेल्यावर मावशी फोटोजवळ गेली, अगदी नाक लागेल एवढ्या जवळ. मी म्हटलं आता ही कोसळते. पण ती माझ्याकडे वळली, जरा रागावूनच. "मंजे, मले सांगाचं ना वं... तोंड धून बसली असती. माहा पोरगा रडल्यावाणी दिसून राहिला."

मागच्या रविवारी मी पुन्हा अकोल्याला गेले. फोटो आता दुकानात स्टुलासमोरच्या भिंतीवर आहे. मावशी रोज सकाळी शटर उघडते, काच पुसते आणि बसून राहते. मला पाहिल्याबरोबर ती नळाकडे गेली, साबण लावून तोंड धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि स्टुलावर येऊन बसली. "काढ आता," म्हणाली. "चांगले काढ, अन् हे बदलून टाक." मी कॅमेरा घेतला. माझ्या सांगण्याआधीच तिनं डोळे मिटले. भिंतीवरून सुगत तिचेच डोळे घेऊन आम्हा दोघींकडे बघत होता, आणि मला तो शब्द काही केल्या म्हणता येईना. "काहून वं, उघडू काय?" मावशीनं विचारलं. "थांब जरासी," मी म्हणाले, कॅमेरा खाली ठेवला आणि आधी नळावर जाऊन माझं तोंड धुवून आले.